पाहुणे आणि प्रतिस्पर्धी

परगावी सामन्याला निघालेला कॉलेजचा संघ म्हणजे वरपक्षच! तोच रुबाब, तोच गलबला. फरक एवढाच, की समोरची मंडळी ओवाळायला नव्हे, हरवायला उभी असतात.

अमेरिकेतील कॉलेजांचा पहिला फुटबॉल सामना असाच झाला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी प्रिन्स्टनचे २५ गडी, पाठीराख्यांचा तांडा घेऊन, सकाळी दहाच्या गाडीने न्यू ब्रन्सविकला रटगर्स कॉलेजच्या गावी उतरले. जेवले, गावभर हिंडले, बिलियर्ड खेळले आणि तीन वाजता मैदानावर झुंजायला सिद्ध झाले! रटगर्सने सामना ६-४ असा जिंकला.

आणि मग? दोन्ही संघ एकत्र जेवायला बसले! रात्री आठला पाहुणे खुशीत परतले. मनात मात्र उट्टे काढण्याचा बेत. आठवड्याने आपल्या गावी त्यांनी ते ८-० असे काढलेही.

ही हकीकत मी आमच्या खेळाडूंना मुद्दाम सांगितली. एका गावी ते जिंकले, तर यजमानांनी साधे पाणीही विचारले नाही. मुले संतापली होती. "सर, ते आपल्याकडे येऊ देत, मग बघतो!"

मी म्हटले, "जरूर बघा, पण मैदानावर. संध्याकाळी त्यांची पाने आपल्याच पंक्तीला मांडा."

"आणि ते जिंकले तर?"

"तर आग्रह जास्त करा. हरलेल्या पाहुण्याला कोणीही वाढील. आपल्याला हरवून बसलेल्याला वाढताना यजमानाचा कस लागतो!"