जोडधंदा : चित्रीकरणाच्या संगणकाला दुसरी हार्ड डिस्क



लग्न, साखरपुडा, बारसे यांचे चित्रीकरण करून चार पैसे मिळवणारी मुले आता खेडोपाडी दिसतात. दोन-तीन लग्ने झाली, की संगणकावर जागा उरत नाही, काम अडखळते, आणि नवा संगणक घ्या असा हट्ट घरात सुरू होतो. दुधाचे पैसे मोडण्याआधी एवढे पाहा : बहुधा एक जादा हार्ड डिस्क बसवली, की भागते.

आधी हिशेब करू. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण करत असेल, तर तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. हळदीपासून वरातीपर्यंत सहा तास धरले, तर २७० जीबी. दोन कॅमेरे असतील तर ५४० जीबी. म्हणजे एक टीबीची डिस्क दोन लग्नांतच भरते. निदान चार टीबीची घ्यावी.

विंडोज आणि चित्रण एकाच हार्ड डिस्कवर असले, तर डिस्कला दोन्हीकडे धावावे लागते. एकाच मोटेवर दोन मळे भिजवण्यासारखे ते होते. म्हणून विंडोज व एडिटिंगचा प्रोग्रॅम पहिल्या डिस्कवर, शक्यतो एसएसडीवर, आणि चित्रण दुसऱ्या डिस्कवर ठेवावे.

खरेदीपूर्वी संगणक बंद करून कॅबिनेट उघडून पाहावे. साडेतीन इंची डिस्कसाठी रिकामा कप्पा, मदरबोर्डवर साटा केबलची मोकळी जागा आणि पॉवर सप्लायची एक मोकळी पिन, या तिन्ही गोष्टी हव्यात. डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्यांची घ्यावी. डेटाची केबल सोबत नसेल तर वेगळी मागून घ्यावी.

बसवताना हा क्रम ठेवा :

१. संगणक बंद करून प्लग काढावा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरते.

२. डिस्क कप्प्यात सरकवून स्क्रूने घट्ट करावी. ती आपटू देऊ नये.

३. अरुंद डेटा केबल मदरबोर्डला आणि रुंद केबल पॉवर सप्लायकडून डिस्कला जोडावी. दोन्ही एकाच बाजूने बसतात. जोर लावू नये.

४. संगणक सुरू केल्यावर नवी डिस्क लगेच दिसत नाही, म्हणून घाबरू नये. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडून जीपीटी निवडावे आणि एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावे. तिथे नवीच डिस्क निवडली आहे ना, हे दोनदा पाहावे. चुकून जुनी निवडली तर सारे पुसले जाईल.

तिथेही डिस्क दिसली नाही, तर केबल मदरबोर्डवरील दुसऱ्या जागी लावून पाहावी. काही मदरबोर्डांवर एम-टू प्रकारची एसएसडी बसवली, की एखादी साटा जागा आपोआप बंद होते. चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ३.६ टीबी दाखवते. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक असतो, दुकानदाराची फसवणूक नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसरी डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चित्रण फक्त नव्या डिस्कवर असेल आणि ती बिघडली, तर सारे गेले. विजेचा दाब अचानक वाढला, तर कॅबिनेटमधील दोन्ही डिस्का एकदम जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक लग्नाची एक प्रत सुट्या, बाहेरून जोडायच्या डिस्कवर घ्यावी, ती काढून कपाटात ठेवावी, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

राहिलेले पैसे मागून वसूल करता येतात, लग्न पुन्हा लावता येत नाही. त्या चित्रणात अक्षता टाकणारी आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. पेरणीचे बियाणे आपण खाण्याच्या कणगीत ठेवत नाही. लोकांनी विश्वासाने दिलेले हे बियाणेही तसेच वेगळे जपावे.