किल्ल्या कोणाच्या हाती?

जुलै 2022 मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा परिसरातील एका खासगी बँकेच्या शाखेतून सुमारे 12 कोटी रुपयांची रोकड नाहीशी झाली. दार फोडलेले नव्हते, पहारेकऱ्याला कोणी बांधून घातले नव्हते. पोलिसांच्या तपासाचा रोख वळला तो रोकड सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या कर्मचाऱ्याकडेच. कॅमेरे आणि धोक्याची घंटा निकामी करून, वातानुकूलन यंत्रणेच्या वाटेने नोटा इमारतीच्या मागील बाजूस उतरविल्याचे पोलिसांनी सांगितले. अडीच महिन्यांनी त्याला पुण्यात अटक झाली. सर्व उपकरणे भिंतीवर होती. परंतु त्यांची वर्मे ठाऊक असलेला माणूस आणि तिजोरीपाशी जाणारा माणूस एकच होता.

या शहरांच्या शेजारीच, कल्याणच्या खाडीवर दुर्गाडी उभा आहे. शिवछत्रपतींच्या दुर्गव्यवस्थेचा अभिमान आपण सारेच बाळगतो, पण तिच्यातील व्यवहारज्ञान मात्र पोवाड्यांपुरते ठेवतो. सभासदाच्या बखरीत नोंद आहे की, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे अधिकारी एकाच दर्जाचे असत आणि तिघांनी मिळून कारभार पाहावयाचा असे. एकाच्या मनात फितुरी आली, तरी त्याला एकट्याला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असे कोणी म्हणेल काय? विश्वासू माणसालाही मोहाच्या प्रसंगी एकटे सोडू नये, एवढीच ती दूरदृष्टी होती. साडेतीनशे वर्षांनंतर आपल्या पेढ्यांत, गोदामांत आणि कार्यालयांत सगळ्या किल्ल्यांचा जुडगा एकाच ‘खात्रीच्या’ माणसाच्या खिशात असतो.

दुसरी वाट शेजारच्या भिंतीतून येते. नोव्हेंबर 2017 मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या लॉकरघरात चोर शिरले ते जमिनीखालून. काही महिने आधी त्यांनी त्याच इमारतीत एक गाळा भाड्याने घेतला, समोर दुकान थाटले आणि आतून भुयार खणले. शनिवार-रविवारची सुट्टी साधून सुमारे 30 लॉकर फोडले. सोमवारी बँक उघडली तेव्हा कळले! भुयाराची माती रोज कुठे तरी जात असणार, रात्री ठोकाठोक होत असणार. पण शेजारच्या गाळ्यात कोण आले, त्याचा धंदा चालतो कसा, याची चौकशी करणे म्हणजे नसती उठाठेव, अशी आपली समजूत झाली आहे. फडके रोडवर, गोखले रोडवर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात खाली सराफ, वर बँक, त्यावर दवाखाना आणि शिकवणीवर्ग अशा इमारती ओळीने आहेत. तेथे एकाचा भाडेकरू हा सर्वांचा शेजारी असतो. गाळेमालकाने करार करताना भाडेकरूची ओळख तपासून पोलीस ठाण्यात कळविणे ही केवळ त्याची खासगी बाब कशी ठरेल?

अशा चोरीत जाते ते कोणाचे, हेही पाहिले पाहिजे. लॉकरमध्ये असतात मध्यमवर्गीय घरातील पाटल्या, मोहनमाळ, मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे जमविलेले सोने. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2021 च्या निर्णयानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले आणि 1 जानेवारी 2022 पासून चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांतून होणाऱ्या हानीची जबाबदारी बँकेवर आली. मात्र तिची मर्यादा लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच आहे. भाडे 2,000 रुपये असेल, तर भरपाई जास्तीत जास्त 2 लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येईल, हे गृहिणींना सांगावयास नको.

12 मार्च 1993 ची आठवणही येथे अपरिहार्य आहे. त्या दिवशी जिहादी कटकर्त्यांनी निवडलेल्या स्थळांत शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत आणि झवेरी बाजार होते. 257 निरपराधांचे प्राण गेले. देशाच्या अर्थकारणावरच घाव घालावयाचा होता. शेअर बाजाराच्या तळघरात स्फोटकांनी भरलेली मोटार उभी राहिली, ती कोणी हटकली नाही. 13 जुलै 2011 रोजी झवेरी बाजार आणि ऑपेरा हाऊस पुन्हा हादरले. ठाणे-डोंबिवलीतून रोज सकाळी लोकल पकडणारे हजारो जण अशाच इमारतींत कामाला जातात.

आणि दारावरचा पहारेकरी? बहुधा बारा तासांची पाळी, बसायला मोडकी खुर्ची, हाक मारताना नावही नाही. भरती करताना ‘स्वस्तात कोण मिळेल’ हा एकच निकष. महाराष्ट्राने सुरक्षा रक्षकांच्या हितासाठी 1981 साली कायदा केला. बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळही आहे. खासगी संस्थांसाठी केंद्राचा 2005 चा कायदा आहे आणि 2006 च्या आदर्श नियमांत नव्या रक्षकाला 100 तास वर्गात व 60 तास प्रत्यक्ष क्षेत्रावर प्रशिक्षण सांगितले होते. आपल्या इमारतीच्या दाराशी उभ्या असलेल्या किती जणांना ते मिळाले? जून 2016 मध्ये ठाण्यात ज्या कंपनीच्या कार्यालयावर पहाटे सशस्त्र दरोडा पडला आणि कोट्यवधी रुपये गेले, तिचा व्यवसायच मुळी दुसऱ्यांची रोकड सांभाळण्याचा होता.

व्यापारी संघटनांच्या आणि गाळेधारकांच्या सभांत वर्गणी व पार्किंगवर तासन्‌तास वाद होतात. पुढच्या सभेत वेगळे प्रश्न विचारले जावेत. आपला रक्षक मंडळाचा आहे की परवानाधारक संस्थेचा? तिजोरीच्या दोन किल्ल्या खरोखर दोन माणसांकडे असतात का? मागचा जिना चोराच्या भीतीने कुलूपबंद करून आगीच्या वेळी माणसे कोंडली जाण्याची सोय तर आपण केली नाही ना? रात्री दोन वाजता घंटा वाजली, तर पहारेकऱ्याने प्रथम कोणाला दूरध्वनी करावयाचा, आणि तो क्रमांक त्याच्या टेबलाजवळ लिहून लावलेला आहे का?