नोकरी सांभाळून लॉ स्कूल: आधी तासांचा हिशोब



इथे आयटीत दहा-बारा वर्षं काढली की पस्तिशीच्या आसपास मराठी माणसाच्या डोक्यात दोन विचार घोळायला लागतात. एक, पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवावा का. आणि दुसरा, आता काहीतरी वेगळं शिकावं का. दुसऱ्या विचारात एमबीएच्या खालोखाल लॉ स्कूलचा नंबर लागतो. "तू करतोयस ना, मग मीही करू का?" असं विचारणारे गेल्या वर्षभरात पाच-सहा जण तरी भेटले. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी न्यू जर्सीत राहतो. दिवसा नेटवर्क सॉफ्टवेअरचं काम आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी नेवार्कला जे.डी.चे पार्ट-टाइम वर्ग. चारातलं तिसरं वर्ष चालू आहे. माझं मत आधीच सांगतो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जाऊ नये. ज्यांना जायचंच आहे त्यांनी मात्र नोकरी न सोडता संध्याकाळच्या वर्गालाच जावं, आणि त्यात काही कमीपणा मानू नये.

बहुतेकांनी का जाऊ नये? कारण खोदून विचारलं तर त्यांना वकील व्हायचं नसतं, कोडिंगचा कंटाळा आलेला असतो आणि कुणीतरी पेटंटच्या कामात बरे पैसे आहेत असं सांगितलेलं असतं. पण पेटंटचे अर्ज लिहायला लॉ स्कूल लागतच नाही. अमेरिकेच्या पेटंट ऑफिसची स्वतंत्र परीक्षा आहे. १०० प्रश्न, सहा तास. त्यासाठी विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचं शिक्षण लागतं, कायद्याची पदवी नाही. पास झालात की पेटंट एजंट म्हणून अर्ज लिहिता येतात आणि ऑफिसच्या परीक्षकाशी त्यावर वाद घालता येतो. कोर्टात मात्र उभं राहता येत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना हा रस्ता मोकळा आहे. एच-१बीवाल्यांना फक्त मर्यादित मान्यता मिळते, तीसुद्धा व्हिसात पेटंटच्या कामाची परवानगी असेल तरच. म्हणजे आधी तसं काम देणारी कंपनी शोधा. पण पेटंट ऑफिसचं जाडजूड मॅन्युअल साइटवर फुकट आहे. महिनाभर ते वाचून बघा. झोप आली तर चार वर्षं आणि बरेच डॉलर वाचले म्हणायचे.

आता तासांचं. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे जे.डी.ला किमान ८३ क्रेडिट लागतात आणि एका क्रेडिटला वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान साडेबेचाळीस तास धरलेले आहेत. गुणाकार करा: साडेतीन हजार तासांच्या वर. सेमिस्टर चालू असताना दहा क्रेडिट घेतले तर आठवड्याला तीस तास होतात. म्हणजे चाळीस तासांच्या नोकरीवर आणखी पाऊण नोकरी. रात्री दोनला प्रॉडक्शन सर्व्हर पडला म्हणून दुसऱ्या दिवशी प्रोफेसर सोडत नाहीत. हजेरी असते, नाव पुकारून प्रश्न विचारतात, आणि बऱ्याच विषयांत सगळे मार्क शेवटच्या एकाच परीक्षेवर.

आपल्या आधीच्या पिढीत बँकेत, एल.आय.सी.त नोकरी करता करता एलएल.बी. केलेला एखादा काका प्रत्येक घरात असायचा. त्यातल्या बऱ्याच जणांनी काळा कोट कधी घातला नाही. इन्क्रिमेंट मिळालं, नावापुढे अक्षरं लागली, संपलं. (तिकडेही बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी साध्या कॉलेजांतले वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्ये बसवले, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर कॉलेज हा प्रकार अवघड झालाय.) तो काका डोळ्यासमोर ठेवून इथे नाव घालू नका, एवढंच म्हणणं.

दुसरं, व्हिसा. एच-१बीवर पार्ट-टाइम शिकायला काही अडचण नाही, मीही त्यावरच शिकतोय. अडचण नोकरी गेली तर आहे. मग हातात जास्तीत जास्त ६० दिवस. विद्यार्थी म्हणून एफ-१ वर जायचं तर पूर्ण वेळ प्रवेश लागतो, संध्याकाळचा पार्ट-टाइम कोर्स चालत नाही. शिवाय दिवसा शिकणारी मुलं उन्हाळ्यात लॉ फर्ममध्ये काम करतात आणि तिथूनच पुढची नोकरी मिळवतात. आपल्याला दुसऱ्याकडे पगारी काम करायचं तर त्या फर्मने वेगळा एच-१बी अर्ज करायला हवा. दोन-अडीच महिन्यांसाठी कोण करणार? पुढे वकील म्हणून नोकरी मिळालीच तर ग्रीन कार्डची लेबर सर्टिफिकेशनपासून पुन्हा सुरुवात. एक दिलासा आहे: आय-१४० मंजूर असेल तर रांगेतली जुनी तारीख सहसा टिकते. भारतात जन्मलेल्यांची रांग बघता ही छोटी गोष्ट नाही.

पैशांचंही तसंच. एच-१बीवर फेडरल कर्ज मिळत नाही. ज्यांना मिळतं त्यांच्यासाठीही २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जाला वर्षाला ५०,००० डॉलर अशी मर्यादा घातली. कंपनी फी देत असेल तर कलम १२७ खाली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त धरतात, पण "पदवीनंतर इतकी वर्षं सोडून जाणार नाही" अशी अट कुठे दडलेली नाही ना, ते सही करण्याआधी बघा.

आणि तिसरा हिशोब, जो कुठल्याच एक्सेल शीटमध्ये येत नाही. सोमवार ते गुरुवार मुलीचं जेवण, होमवर्क, झोपवणं हे सगळं बायको बघते, तेही स्वतःची नोकरी करून. गेल्या वर्षी तिला वरची जागा देऊ केली होती, महिन्यातून आठवडाभर प्रवास असलेली. तिने नको म्हणून सांगितलं. लॉ स्कूलच्या फीच्या पत्रकात हा आकडा छापत नाहीत, पण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. आमचं घरात ठरलंय की माझी बार परीक्षा झाली की पुढची तीन वर्षं तिची. प्रवास तिचा, डबा माझा. प्रवेश घेण्याआधी नवरा-बायकोने हे बसून बोलायला हवं, आणि शक्यतो कागदावर लिहायला हवं. कॉन्ट्रॅक्टचा पहिला धडा घरापासून!

एवढं सगळं वाचूनही ज्याला जावंसं वाटतं, त्याने जरूर जावं. रात्रीच्या वर्गाला नाकं मुरडणारे पूर्वीही होते. बॉस्टनमध्ये ग्लीसन आर्चर यांनी १९०६ मध्ये घरातच रात्रीचा वर्ग काढला, कामगारांसाठी; त्याचंच पुढे सफोक लॉ स्कूल झालं. त्या काळी वकिलांच्या संघटनांमधल्या बड्या मंडळींना अशा शाळा खुपायच्या, कारण तिथे स्थलांतरितांची आणि कामकरी घरांतली मुलं यायची. १९२१ मध्ये आल्फ्रेड रीड यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी केलेल्या अहवालात रात्रीच्या शाळांची गरज मान्य केली. वॉरन बर्गर दिवसा विमा विकायचे आणि रात्री सेंट पॉलला लॉ शिकायचे. १९३१ मध्ये पदवी आणि १९६९ मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश. आपण काही सरन्यायाधीश होणार नाही, पण त्याच बाकांवर बसतोय हे लक्षात असू द्या.

आणि मिळतं काय? आपण इंजिनिअर लोक काही बिघडलं की मूळ कारण शोधतो. पहिल्याच वर्षी पाल्सग्राफचा खटला येतो. न्यूयॉर्कमध्ये रेल्वेच्या माणसांनी चालत्या गाडीत चढणाऱ्याला हात दिला, त्याचं पुडकं पडलं, त्यात फटाके होते, स्फोट झाला आणि प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाचा वजनकाटा एका बाईवर कोसळला. कारणांची साखळी स्पष्ट आहे. पण १९२८ मध्ये कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी रेल्वेला जबाबदार धरलं नाही. कारण सापडलं म्हणजे जबाबदारी ठरली असं नाही, हे डोक्यात शिरायला मला अख्खं सेमिस्टर लागलं.

त्याचा उपयोग कुठे होतो सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला त्याच्या कन्सल्टिंग कंपनीने पत्र पाठवलं: मुदतीआधी नोकरी सोडलीस, पैसे भर. पोरगा परत जायची तयारी करत होता. एच-१बीच्या कायद्याप्रमाणे मालकाला लवकर सोडल्याबद्दल दंड घेता येत नाही. खऱ्या नुकसानीचा आधीच केलेला वाजवी अंदाज असेल तर भरपाई मागता येते. दंड कुठे संपतो आणि भरपाई कुठे सुरू होते, हा कॉन्ट्रॅक्टच्या वर्गातला नेहमीचा प्रश्न. मी त्याला सल्ला दिला नाही, विद्यार्थ्याला तो अधिकारच नाही. फक्त वकिलाला काय काय विचारायचं ते त्याच्याबरोबर बसून लिहून काढलं. आपल्यातले किती जण असे कागद भीतीपोटी न वाचता सही करतात, तुम्हीच आठवून बघा. पुढच्या वेळी अशा पोराला सल्ला देता यावा, एवढ्यासाठी मी उरलेले तास मोजतोय. तुमच्याकडे असं एखादं कारण असेल तर जा. नुसता कंटाळा असेल तर आधी चांगली सुट्टी घ्या, ती स्वस्त पडते.

असो. लांबलं जरा. वेगळा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहावं.

चू.भू.द्या.घ्या.