डोळ्यांना दोष देण्याआधी

दसरा-दिवाळीच्या खरेदीत घरोघरी मोठा टीव्ही येतो. दुकानाचा माणूस तो भिंतीवर टांगतो, जुन्या सेट टॉप बॉक्सच्या वायरी खोचतो, चित्र दिसले की सही घेऊन निघून जातो. चार दिवसांनी आजोबा कुरकुरतात, ‘‘अंधुक दिसतंय, मोतीबिंदू वाढला वाटतं.’’ अनेकदा दोष मोतीबिंदूचा नसतो, त्या वायरींचा असतो.

साध्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. हाय डेफिनिशन चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख. जुन्या २१ इंची टीव्हीवर बरे वाटणारे साधे चित्र या पडद्यावर ताणले की फुटणारच. त्यात ते आडवे ओढून बसवले, तर बातम्या देणारी मुलगीही गुबगुबीत दिसते!

भारतात दूरदर्शनने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धा हाय डेफिनिशनमध्ये दाखवल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तरी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर घरातून गेलेली नाही. तिच्यातून एचडी चित्र येऊच शकत नाही. त्यासाठी बॉक्स एचडी हवा, तो एचडीएमआय केबलने जोडलेला हवा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडलेले हवे आणि एचडी वाहिनीचे पैसे भरलेले हवेत. तिचा क्रमांकही बहुधा वेगळा असतो. सवयीने जुनाच दाबला तर पुन्हा साधेच चित्र. महागडी केबल मात्र गळ्यात मारून घेऊ नये. एवढ्या कामाला साधी, धड केबल पुरते.

मग डोळ्याचा दोष ओळखायचा कसा? नेहमीच्या जागी बसून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडावा. ती अक्षरे टीव्ही स्वतः काढतो, ती केबलमधून येत नाहीत. अक्षरे रेखीव आणि मालिका धूसर, तर खोट जोडणीत. अक्षरेही धूसर, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लहान मूल सारखे पडद्याजवळ सरकत असेल, तर ‘टीव्हीने डोळे बिघडतात’ म्हणून रागावण्यापेक्षा त्याचा चष्म्याचा नंबर तपासावा. जवळ बसणे हे बऱ्याचदा कारण नसून लक्षण असते.

फोर-केची हौस अंतराच्या हिशेबाने करावी. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. ४३ इंची पडद्यावर हाय डेफिनिशनचे ठिपके सुमारे पावणेदोन मीटरच्या पलीकडून वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे दहा फुटांवरच्या दिवाणावर बसणाऱ्याला त्याहून बारीक ठिपक्यांचा उपयोग थोडाच.

टीव्ही शोकेसच्या वर, छताशी टांगण्याची पद्धत तर सोडायलाच हवी. मान अवघडते ती वेगळीच. शिवाय वाचनाचा भाग खाली असलेला चष्मा लावणाऱ्याने मान मागे टाकली, की नजर त्याच भागातून जाते आणि चांगले चित्रही अंधुक होते. दुकानात उठून दिसण्यासाठी असलेला भडक ‘व्हिविड’ मोडही रात्री अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना टोचतो. तो बदलून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ करावा.

हे सारे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते टीव्ही बसवणाऱ्याचेच आहे. साधी आणि एचडी अशा दोन्ही वाहिन्या शेजारी लावून दाखवल्याशिवाय ग्राहकाने त्याच्या कागदावर सही करू नये.