करसवलत कोणाला, कात्री कोणावर?

मिसूरी राज्याचे रिपब्लिकन सिनेटर जॉश हॉली यांनी मे 2025 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहिला. कष्टकरी गरिबांचा आरोग्यविमा काढून घेणे नैतिकदृष्ट्या चूक आणि राजकीयदृष्ट्या आत्मघातकी ठरेल, असे त्यांनी आपल्याच पक्षाला बजावले. 1 जुलैला सिनेटमध्ये मतदान झाले तेव्हा याच हॉलींनी करसवलती आणि खर्चकपातीच्या विधेयकाच्या बाजूने मत दिले. मते 50-50 अशी समसमान पडली आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या निर्णायक मताने विधेयक तरले. पुढे दोनच आठवड्यांत, 15 जुलैला, हॉलींनी त्याच कायद्यातील, मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेची काही कपात मागे घेणारे नवे विधेयक मांडले. आपण कशाला मत देत आहोत, हे मत देणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. या कायद्याची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी.

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 4 जुलै 2025 रोजी सही केलेल्या या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’चे दोन भाग एकमेकांत गुंतलेले आहेत. 2017 मधील आयकर सवलतींची मुदत 2025 अखेर संपत होती. त्या कायम करून वर नव्या सवलतींची भर घातली गेली. काँग्रेसच्या सीबीओ या अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशेबाने त्यामुळे दहा वर्षांत सरकारी महसूल सुमारे साडेचार लाख कोटी डॉलरने घटेल. त्यातील थोडा खड्डा भरण्यासाठी खर्चावर कात्री चालवली गेली आणि तिचा सर्वांत मोठा घाव मेडिकेडवर बसला. या योजनेवरील केंद्राचा खर्च दहा वर्षांत 91 हजार कोटी डॉलरने कमी होईल. इतके करूनही तूट भरून निघत नाही; उलट 3.4 लाख कोटी डॉलरने वाढते. काटकसरीसाठी हे सारे केले, हा दावा या एका आकड्यापुढे टिकत नाही.

मेडिकेड ही लिंडन जॉन्सन यांच्या काळात 1965 साली सुरू झालेली, केंद्र आणि राज्यांनी मिळून चालवलेली गरिबांसाठीची आरोग्य योजना. सुमारे सात कोटी अमेरिकन तिच्यावर अवलंबून आहेत. देशातील दहापैकी चार बाळंतपणांचा खर्च ती उचलते. वृद्धांच्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या दहापैकी सहाहून अधिक जणांचा खर्चही तिच्यातूनच होतो. त्यांतले कित्येक जण आयुष्यभर नोकरी करून, साठवलेले सगळे शुश्रूषागृहाच्या बिलांत संपवून मग या योजनेत आलेले असतात. ही काही मूठभर आळशांची खिरापत नव्हे.

फायदा आणि तोटा कोणाच्या पदरात किती पडतो, हे सीबीओनेच ऑगस्ट 2025 मध्ये मांडले. तळातील दहा टक्के कुटुंबांचे वर्षाला सरासरी 1,200 डॉलरचे नुकसान होईल. त्यांच्या उत्पन्नाच्या ते तीन टक्क्यांहून जास्त आहे. मधल्या थरातील कुटुंबांना 800 ते 1,200 डॉलर मिळतील. आणि वरच्या दहा टक्क्यांना? वर्षाला सरासरी 13,600 डॉलर. वारसा करातील सवलत तर 2026 पासून माणशी दीड कोटी डॉलरवर गेली. म्हणजे नवरा-बायको मिळून तीन कोटी डॉलरची मालमत्ता एक पैसाही कर न भरता मुलांच्या नावे करू शकतात.

समर्थकांची बाजू अगदीच पोकळ नाही. जुन्या सवलती संपू दिल्या असत्या, तर मध्यमवर्गाचा करही वाढला असता, हे मान्य करायलाच हवे. टिपवर कर नाही, ओव्हरटाइमवर कर नाही, ज्येष्ठांना जादा वजावट, या घोषणाही कष्टकऱ्यांसाठीच केल्या गेल्या. पण त्यांना मर्यादा आहेत आणि 2028 नंतर त्या संपतात; वरच्या थराच्या सवलती मात्र कायमच्या आहेत. येल विद्यापीठातील बजेट लॅबने दाखवले आहे की, टिपवर जगणाऱ्या तीनपैकी एकाहून जास्त कामगारांचे उत्पन्न इतके कमी असते की त्यांना केंद्राचा आयकर मुळातच लागत नाही. जो कर भरावाच लागत नव्हता, त्याच्या माफीने अशा वेट्रेसच्या हाती काय पडणार? तिचे मेडिकेड गेले तर मात्र नुकसान तिचेच.

ते जाणार कसे, हे नीट पाहायला हवे. ‘गरिबांचा विमा बंद’ असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. लिहिले आहे ते असे: ज्या राज्यांनी ओबामा काळातील कायद्यानुसार मेडिकेडचा विस्तार केला, तिथे 19 ते 64 वयाच्या लाभार्थ्याने महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा करत असल्याचे सिद्ध करावे, आणि पात्रतेची तपासणी वर्षातून एकदा होत होती, ती दर सहा महिन्यांनी व्हावी. ऐकायला कोणाला वावगे वाटणार नाही. धडधाकट माणसाने काम करावे, यात चूक काय?

आर्कान्सा राज्याने 2018 च्या जूनमध्ये नेमका हाच प्रयोग केला. तिथे लाभार्थ्यांना पत्रे गेली. पत्रात एक कोड. तो घेऊन वेबसाइटवर खाते उघडायचे, त्यासाठी ईमेल हवा, आणि मग दर महिन्याला आपले तास भरायचे. सुरुवातीला तास नोंदवायला दुसरा मार्गच नव्हता आणि ते पोर्टल रात्री नऊ ते सकाळी सात बंद असे. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला जी वेळ सापडते, नेमकी तीच. तीन महिने नोंद चुकली की उरलेल्या वर्षासाठी विमा बंद. डिसेंबर उजाडेपर्यंत 18 हजारांहून अधिक लोक योजनेबाहेर फेकले गेले. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर तपासले तेव्हा दिसले की, ज्यांना ही अट लागू होती त्यांपैकी 95 टक्क्यांहून जास्त लोक एकतर अट आधीच पूर्ण करत होते किंवा नियमानेच तीतून सुटायला हवे होते. आणि ज्या कारणासाठी हा खटाटोप केला तो रोजगार? तो वाढलाच नाही.

या प्रकरणी न्यायालयात गेलेल्यांमध्ये कोंबड्यांच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातला एक कामगार होता. त्याला फुप्फुसांचा जुना आजार. एकदा तास नोंदवले की झाले, अशी त्याची समजूत. औषधाच्या दुकानात गेल्यावर त्याला कळले की आपला विमा संपला आहे. रोख पैसे देणे परवडत नव्हते, म्हणून औषधे थांबली; आजार बळावला, कामावर खाडे पडले आणि नोकरी गेली. कामाच्या अटीने एका काम करणाऱ्या माणसाचे कामच काढून घेतले. मार्च 2019 मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ती अट रद्द ठरवली. आता तीच अट देशाचा कायदा झाली आहे.

जॉर्जियात 2023 पासून कामाची अट घालून मर्यादित योजना चालू आहे. केंद्राच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेला तिथे आढळले की, उपचारांवर झालेल्या खर्चाच्या दुप्पट पैसा प्रशासनावर आणि संगणक यंत्रणेवर गेला. करदात्याच्या पैशाची उधळपट्टी थांबवू म्हणणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

केएफएफ या आरोग्य धोरण संस्थेच्या पाहणीनुसार मेडिकेडवरील कामाच्या वयाच्या प्रौढांपैकी 92 टक्के जण नोकरी करतात, शिकतात, घरच्या कोणाची देखभाल करतात किंवा आजारी तरी असतात. मग अट घालून वाचणारा पैसा येतो कुठून? बहुतांशी तो कागद पूर्ण न करू शकलेल्या पात्र माणसांकडूनच येणार. ज्याचे तास दर आठवड्याला मालक बदलतो, जो दोन ठिकाणी रोजंदारी करतो, ज्याचा पत्ता वर्षात तीनदा बदलतो, तो या चाळणीतून आधी गळतो. कायद्यामुळे 2034 पर्यंत विम्याविना राहणाऱ्यांची संख्या एक कोटीने वाढेल, असा सीबीओचा अंदाज आहे आणि त्यातला मोठा वाटा या अटीचा आहे. आणि विमा नसणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. अँजेला वाइस आणि ब्रूस मेयर या अर्थतज्ज्ञांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मेडिकेडच्या विस्ताराने 2010 ते 2022 या काळात सुमारे 27,400 जणांचे प्राण वाचले.

तोटा गरिबांपुरताच राहील, असे समजून निर्धास्त राहणाऱ्यांनी नेब्रास्कातील कर्टिसकडे पाहावे. हजारापेक्षा कमी वस्तीचे हे गाव. सही होण्याच्या सुमारासच, मेडिकेडमधील येऊ घातलेल्या कपातीचे कारण देत, तिथला दवाखाना बंद करत असल्याचे तो चालवणाऱ्या रुग्णालयाने जाहीर केले. ग्रामीण रुग्णालयांचे गणित नाजूक असते. अनेक राज्ये रुग्णालयांवर कर लावतात, त्या पैशाच्या जोरावर केंद्राकडून जादा निधी मिळवतात आणि तो वाढीव दराने रुग्णालयांना परत देतात. वाट आडवळणाची आहे, पण खेड्यातले प्रसूतिगृह याच पैशावर चालते. मेडिकेडचा विस्तार केलेल्या राज्यांत या कराची मर्यादा 6 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने साडेतीन टक्क्यांवर येणार आहे. दुसरीकडे, 1986 च्या कायद्यानुसार अत्यवस्थ रुग्णाला रुग्णालय परत पाठवू शकत नाही. पैसे देणारा गेला, रुग्ण मात्र येतच राहणार. ओरड झाली म्हणून ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत 5 हजार कोटी डॉलरचा निधी जोडला गेला. केएफएफच्या हिशेबाने ग्रामीण भागातील मेडिकेडचा निधी मात्र दहा वर्षांत 13,700 कोटींनी घटेल. प्रसूती विभाग बंद झाला की तो विमा असलेल्या शेतमालकाच्या सुनेसाठीही बंद होतो.

याच ग्रामीण रुग्णालयांत भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. 1994 पासून चालू असलेल्या ‘कॉनरॅड 30’ योजनेत, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा दिल्यास जे-1 व्हिसावर आलेल्या डॉक्टरला अमेरिकेत राहता येते. आपल्याकडच्या घरांतली मुले-मुलीही याच वाटेने गेली आहेत. भारतात या कायद्याची चर्चा झाली ती मुख्यतः घरी पाठवायच्या पैशावरील करामुळे. पहिल्या मसुद्यात तो 5 टक्के होता; शेवटी 1 टक्का झाला आणि तोही रोख रक्कम, मनी ऑर्डर अशा व्यवहारांपुरता. बँक खात्यातून पैसे पाठवणारे सुटले. तो प्रश्न मिटला म्हणून कायदा आपल्याला लागत नाही, असे मात्र नाही.

मध्यमवर्गाला झळ आणखी एका बाजूने बसली. स्वतःचा विमा स्वतः विकत घेणाऱ्यांना मिळणारे वाढीव अनुदान 2025 अखेर संपले. ते चालू ठेवा, ही डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी होती आणि त्यावरूनच 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले. मागणी काही मान्य झाली नाही. अनुदान घेणाऱ्यांचा सरासरी वार्षिक हप्ता 888 डॉलरवरून 1,904 डॉलरवर जाईल, असा केएफएफचा अंदाज होता. छोटे दुकानदार, शेतकरी, टॅक्सीचालक, निवृत्तीला चार वर्षे उरलेले लोक, असा हा वर्ग आहे.

करसवलतीतून वरच्या एक टक्का लोकांना दहा वर्षांत सुमारे 1 लाख कोटी डॉलर मिळतील, असा आयटीईपी या करविषयक अभ्यास संस्थेचा हिशेब आहे. तो आकडा मेडिकेडच्या कपातीपेक्षा मोठा आहे. सवलत मधल्या थरापर्यंत ठेवून एवढी एक वरची पायरी वगळली असती, तरी आरोग्यावर कात्री चालवण्याची गरज उरली नसती. काँग्रेसपुढे हा पर्याय होता आणि तो जाणूनबुजून टाळला गेला. नॉर्थ कॅरोलिनाचे रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस यांनी, आपल्या राज्यातील 6 लाख 63 हजार लोकांचा विमा जाईल, असे सभागृहात सांगून विरोधात मत दिले. पण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर करूनच त्यांनी ते केले.

वेळापत्रकही विचारपूर्वक आखलेले आहे. सवलती 2025 च्या उत्पन्नापासूनच लागू झाल्या. मध्यावधी निवडणूक 3 नोव्हेंबर 2026 रोजी आहे. 80 तासांची अट राज्यांनी लागू करण्याची मुदत 1 जानेवारी 2027 आहे आणि रुग्णालयांवरील कराची मर्यादा त्याहीनंतर उतरू लागेल. न्यू जर्सी असो, टेक्सास असो की कॅलिफोर्निया, मतदानाचा हक्क मिळालेल्या मराठी कुटुंबांनी मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला थेट विचारावे: 1 जानेवारीनंतर या मतदारसंघात किती जणांचा विमा जाणार, जवळचे रुग्णालय चालू राहणार का, आणि ही कपात मागे घेण्यासाठी तुम्ही मत देणार की नाही?