मंगळावर गवंडी कोण?

मंगळावरच्या घरांची चित्रं हल्ली मी बरीच पाहिली. भाची आर्किटेक्चरला आहे, तिला कॉलेजात विषयच तो दिलाय: चार माणसांसाठी मंगळावर घर. चित्रं देखणी असतात, काचा चमकतात, आत झाडं डोलतात. पण शिडी लावून गळकी जागा बुजवणारा माणूस एकाही चित्रात नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि पिंपळगाव रेणुकाईत दोन पिढ्या घरं बांधणाऱ्या गवंड्याला ती बारीकसारीक वाटत नाही.

सामानाच्या बाबतीत मात्र मंगळ मला परका वाटला नाही. तिथला बराचसा खडक बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाणच. लोणारचं विवर अशाच खडकात पडलेलं, म्हणून मंगळाचे अभ्यासक तिकडे येतात. नासाच्या स्पर्धेत २०१९ साली पहिलं आलेलं ‘मार्शा’ नावाचं घर बेसॉल्टचे धागे आणि मक्यापासून केलेलं प्लास्टिक यांच्या मिश्रणातून यंत्रानं थरावर थर देत उभं केलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं आणि इस्रोनं २०२२ मध्ये मंगळासारख्या मातीची वीट केली. तिच्यात गवारीच्या बियांचा डिंक, युरिया आणि सूक्ष्म जंतू. मातीतल्या लोहाचा त्या जंतूंना त्रास होऊ नये म्हणून थोडं निकेल क्लोराईड. निकेल सोडलं तर काळा दगड, मका, गवार, युरिया, यातलं काय आमच्या भोकरदन तालुक्यात मिळत नाही?

हत्यारांचं थोडं अवघड आहे. ओळंबा तिथं चालेल. पाणसळ मात्र घराबाहेर नेता येणार नाही, नळीतलं पाणी गोठेल नाहीतर उडून जाईल.

मग भाचीनं मला खरी मेख सांगितली. “मामा, तिथं छत खाली पडायची भीती नाही, वर उडायची आहे.” सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर हिशेब मांडून पाहिला. बाहेरची हवा आपल्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ. आत आपल्याइतका दाब ठेवायचा तर दर चौरस मीटरला आतून बाहेर सुमारे दहा टनांचा रेटा. किरणांपासून वाचायला वर तीन मीटर माती घातली, तरी तिथली ओढ आपल्याकडच्या ओढीच्या ३८ टक्के, त्यामुळे ती माती दाबणार जेमतेम दीड-दोन टनांनी. म्हणजे घर हवं ट्रॅक्टरच्या ट्यूबसारखं, चहूकडून बंद. आणि ट्यूब आली की पंक्चर आलंच. पृथ्वीवरून सामान धाडायला सोयीची वेळ साधारण सव्वीस महिन्यांनी येते. नुसता निरोप पोचायला कधी तीन मिनिटं, कधी बावीस. तिथं दुरुस्ती त्या चौघांनाच करावी लागणार, हाताशी असेल त्या सामानानं.

आमची माळवदं याच हिशेबावर उभी होती. तुळया, त्यांवर काटक्या-पाला, त्यावर पांढरी माती. मृगाच्या आधी घरातल्याच माणसांनी वर चढायचं, भेगा बुजवायच्या, नवी माती टाकून चोपायची. उन्हाळ्यात आत गारवा. पण माळवदाचे गोडवे गाणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट विसरू नये. किल्लारी भागात वर्षानुवर्षं चढवलेली तीच माती आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या हजारो माणसांवर कोसळल्या. जुनी माती खरवडून काढायची आणि मग नवी घालायची, एवढं न केल्यानं छपराचं वजन दरसाल वाढत गेलं. दुरुस्तीसुद्धा विचार करूनच ठरवावी लागते. तेव्हापासून माझ्याकडे माळवदाचं काम घेऊन कुणी आलं नाही. सगळ्यांनी पत्रा घातला आणि मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही.

किल्लारीनंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. जमीन किती, त्यावर घर २५०, ४५० की ७५० चौरस फूट ते ठरलं. गुबाळ गावात तर फेरोसिमेंटचे अर्धगोल घुमट उभे राहिले. मंगळाच्या चित्रातलंच गाव, आपल्या मराठवाड्यात! भूकंपाला घुमट चांगला, यात वाद नाही. पण वाकड्या भिंतीला कपाट टेकत नाही, दिवळी-फडताळ करता येत नाही, घुमटाला आणखी एक खण जोडायचा तर कुठून जोडणार? राहणाऱ्याला विचारून आखलं असतं, तर हे पहिल्याच दिवशी निघालं असतं.

ह्यूस्टनला नासानं मंगळघराचा नमुना बांधून २०२३-२४ मध्ये चौघांना ३७८ दिवस आत ठेवलं. घर १,७०० चौरस फुटांचं. झोपायचं कुठं, भाजी कुठं लावायची, व्यायाम कुठं, सगळं माणसं आत ठेवून तपासलं. पैसा फार लागला असेल, लागू दे, पद्धत बरोबर आहे. आपल्याकडे घरकुलाला केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार, किमान जागा पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला की पुढचा हप्ता. मात्र आमच्या मिरचीच्या पट्ट्यातलं कुटुंब वाळत घातलेली मिरची पाऊस आला की कुठं ओढणार, त्याला त्या फोटोत रकाना नाही. चार घरकुलं उभी करून त्यांत एक उन्हाळा-पावसाळा माणसं राहू द्यावीत, मगच तालुक्याचा नकाशा पक्का करावा. एवढी चैन आपल्याला परवडायला हरकत नाही.

भाचीला मी सांगितलं, भिंतीच्या मागं अंग तिरपं करून माणूस शिरेल एवढी फट चारी बाजूंनी ठेव, प्रत्येक पाइपला हातमोज्यासकट हात पोचला पाहिजे. ती म्हणते, मामा, त्यानं क्षेत्रफळ वाढतं, परीक्षक गुण कापतात. मी म्हटलं, कापू देत. पंक्चर काढायला परीक्षक थोडेच येणार आहेत.