फुटबॉल मैदानांवरील गर्दीची सुरक्षितता : मागण्यांचे निवेदन

कोल्हापूर, दि. १५ एप्रिल

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मैदानावरील धोक्याच्या सूचनांची लेखी दखल घेऊन जबाबदारी निश्चित करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे फुटबॉलप्रेमी तालीम संघांचे सामने लहानपणापासून पायऱ्यांवर दाटीवाटीने पाहत आलो आहोत. गोल झाला की मागची रांग पुढच्या रांगेवर येते. तोल सावरायला शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो. असा रेटा जीवही घेतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर फुटबॉल पाहायला गेलेले १६ जण घरी परतले नाहीत.

ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात १३ क्रमांकाच्या जिन्यावर १९६१ मध्ये दोघे दगावले. पुढेही तिथे माणसे जखमी होत राहिली. २ जानेवारी १९७१ रोजी त्याच जिन्यावर ६६ बळी गेले, तेव्हा कुठे १९७५ मध्ये मोठ्या मैदानांच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा कायदा आला.

पण नुसत्या कागदाने भागत नाही. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाकडे १९७९ चे प्रमाणपत्र होते. १९८१ मध्ये तिथे ३८ जण चेंगरून जखमी झाले. नंतर कुंपणे घालून पायऱ्यांचे कप्पे पाडले. प्रमाणपत्रातील क्षमतेचा आकडा मात्र तोच राहिला. १५ एप्रिल १९८९ रोजी बाहेरची गर्दी वाढली म्हणून फाटक उघडले, पण भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे नेणारा बोगदा कोणी बंद केला नाही. एकूण ९७ बळी गेले. शिक्षा झाली ती क्लबच्या तत्कालीन सचिवाला, तीही ६,५०० पौंड दंडाची.

सबब आमच्या मागण्या :

१. प्रत्येक हंगामापूर्वी मैदानाची तपासणी व्हावी. कठडा, जाळी वा फाटक बदलले की क्षमता नव्याने मोजावी आणि तो आकडा तिकीट खिडकीवर लावावा.

२. धोक्याच्या प्रत्येक सूचनेला आवक क्रमांक द्यावा व सात दिवसांत नाव, हुद्दा आणि सहीनिशी उत्तर द्यावे. ‘नोंद घेतली’ हे उत्तर समजू नये.

३. सामना थांबवण्याचा अधिकार असलेला एकच सुरक्षा अधिकारी आधी जाहीर करावा. प्रेक्षक आत असेपर्यंत बाहेर पडण्याच्या एकाही फाटकाला कुलूप नसावे.

४. किरकोळ चेंगराचेंगरीचीही स्वतंत्र चौकशी होऊन अहवाल जाहीर व्हावा.

आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. काही घडण्याआधी दिलेले हे निवेदन आहे. त्याची पोच देताना शिक्क्याखाली स्वीकारणाऱ्याचे नाव लिहावे, ही विनंती.

आपले नम्र,
फुटबॉलप्रेमी नागरिक, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, पुणे